सिक्स-बाय-सिक्स दिसतं, मग दिव्यांना पिसारा का?

या वेळचा विषय: लेसरने चष्म्याचा नंबर काढल्यानंतर वैमानिकांचे डोळे किती दिपतात, त्याची तपासणी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

माझं वय २३. बारामतीला फ्लाइंग शिकतो आहे. चार महिन्यांपूर्वी लॅसिक केलं. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ४.७५ होता. आता सिक्स-बाय-सिक्स दिसतं. पण रात्रीच्या सॉर्टीत धावपट्टीच्या दिव्यांना किरणं फुटतात, लांबच्या दिव्याला चंद्राला पडतं तसं खळं पडतं. डॉक्टर म्हणतात, तक्ता पूर्ण वाचता आहात, काही झालेलं नाही. मग हे काय आहे?

डॉक्टर म्हणतात ते खरं आहे आणि तुम्हाला दिसतं तेही खरं आहे. तक्ता उजेडात वाचतात. पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं, खोलीत दिवे, त्यामुळे बाहुली तीन-साडेतीन मिलिमीटरची. एवढ्या बाहुलीतून प्रकाश कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक थराच्या) अगदी मधल्या भागातून आत जातो आणि लेसरचं काम तिथेच सर्वांत सफाईचं असतं. अंधारात तुमच्या वयाची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते, काहींची त्याहूनही जास्त. लेसरने नंबर पूर्ण काढलेला गोल मात्र साधारण सहा ते साडेसहा मिलिमीटरचा असतो. त्याच्या काठावर कॉर्नियाचा उतार बदलतो. काठावरून आलेली किरणं मधल्या किरणांच्या जागी जुळत नाहीत, आजूबाजूला पडतात. खळं आणि पिसारा तयार होतो तो तिथे.

नंबर जितका मोठा, तितका हा उतार तीव्र. साडेसहा मिलिमीटरच्या गोलात एक डायॉप्टर (नंबराचं एकक) काढायला साधारण १४ मायक्रॉन कॉर्निया घासावा लागतो. तुमच्या नंबराला सुमारे ६७ मायक्रॉन गेले असतील. फक्त बाहुली मोठी म्हणून त्रास होतो असं मात्र नाही. मोठ्या बाहुलीचे कित्येक जण बिनतक्रार उडतात. उरलेला नंबर, डोळ्यांचा कोरडेपणा आणि लेसर थोडं एका बाजूला पडलेलं असणं, ही कारणं बाहुलीइतकीच वजनदार आहेत.

वैमानिकाला हे का महत्त्वाचं, ते पापीच्या, म्हणजे धावपट्टीशेजारी उतरणीचा कोन दाखवणाऱ्या दिव्यांवरून कळेल. चार दिवे नऊ-नऊ मीटरवर. उतरण बरोबर असेल तर दोन पांढरे, दोन लाल. तीन नॉटिकल मैलांवरून, म्हणजे साडेपाच किलोमीटरवरून, शेजारच्या दोन दिव्यांमधलं अंतर डोळ्याशी जेमतेम साडेपाच कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढा कोन करतं. तक्त्यावरच्या सिक्स-बाय-सिक्सच्या एका अख्ख्या अक्षराची उंची पाच कला असते. चारही दिव्यांची मिळून रांग सुमारे १७ कला, चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून किंचित जास्त. तुमच्या खळ्याचा व्यास तेवढा असेल तर लाल-पांढरं एकमेकांत मिसळणार. तक्त्यावरचं अक्षर सुटं दिसलं तरी दिवे सुटे दिसतीलच असं नाही.

खळं कशामुळे पडतं याचा अंदाज घरी घेता येतो. रात्री गच्चीवरून लांबच्या एका दिव्याकडे एकाच डोळ्याने पाहा. मग जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहा. खळं जवळजवळ गेलं, तर दोष कॉर्नियाच्या आकारात किंवा उरलेल्या नंबरात. धुकं पडल्यासारखा पातळ पडदा तसाच राहिला, तर प्रकाश विखुरतो आहे. दोन-तीनदा पापण्या मिटून उघडल्यावर क्षणभर सुधारून पुन्हा बिघडलं, तर कोरडेपणा. हे निदान नव्हे. पण डॉक्टरांना नुसतं ‘ग्लेअर येतो’ सांगण्यापेक्षा हे तीन निष्कर्ष लिहून नेलेत तर तपासणी नेमक्या दिशेने सुरू होईल. तोवर रात्रीचं एकट्याने उड्डाण थांबवा आणि प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा.

दिपण्याची तपासणी नेमकी कशी करतात? आमच्या शहरात एका ठिकाणी डोळ्यासमोर उजेडाची वाटी धरून तक्ता वाचायला लावला आणि ‘नॉर्मल’ लिहून दिलं. पुरे का?

नाही. ती वाटी म्हणजे ब्राइटनेस अक्युइटी टेस्टर. वाटीच्या मध्ये १२ मिलिमीटरचं भोक, त्यातून तक्ता वाचायचा, वाटी आतून तीन पायऱ्यांनी उजळते. मोतीबिंदूसाठी उपकरण उत्तम आहे, कारण ढगाळलेलं भिंग सगळीकडून येणारा उजेड विखुरतं. लॅसिकनंतर त्याची एक गोम आहे. डोळ्यासमोर एवढा उजेड आला की बाहुली आक्रसते आणि ज्या काठाची तक्रार आहे तो काठच झाकला जातो. माणूस एखादी ओळ जास्तच वाचतो आणि कागदावर ‘नॉर्मल’ येतं. लेसरनंतरच्या वैमानिकाची तपासणी एवढ्यावर सोडणं, म्हणजे पावसाळ्यात गळणारं छप्पर मे महिन्यात तपासण्यासारखं आहे.

तपासणीत तीन वेगळ्या गोष्टी हव्यात.

पहिली, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा कागद यांच्या गडद-फिकेपणातला फरक. पेली-रॉबसन तक्त्यावर ४८ अक्षरं असतात, सगळी एकाच आकाराची, तीन-तीनच्या १६ गटांत फिकी होत जाणारी. एक मीटरवरून वाचायचा. गटातली तीनपैकी दोन ओळखली की तो गट पार. प्रत्येक गट ०.१५ लॉग एककाचा. तरुण, निरोगी डोळा १.८ च्या आसपास पोचतो, म्हणजे कागदाहून दीड-पावणेदोन टक्क्यांनीच गडद असलेलं अक्षर त्याला ओळखता येतं. एक गट कमी-जास्त झाला तर चिंता नको, तो त्या दिवसाच्या थकव्याचाही असेल. दोन गट घसरले, म्हणजे ०.३ कमी झालं, तर तेच अक्षर दिसायला दुप्पट कॉन्ट्रास्ट लागतो आहे. ही घट खरी धरायची. तक्त्यावरचा उजेड सारखा हवा. खिडकीजवळ टांगलेल्या तक्त्यावरचे आकडे कामाचे नाहीत.

दुसरी, मंद उजेडातली दृष्टी आणि त्यात समोरून येणारा दिवा. यासाठी मेसोटेस्टसारखं यंत्र लागतं. खोली अंधारी करून आधी किमान दहा मिनिटं बसवायला हवं. ओपीडीच्या ट्यूबलाइटखालून उठवून थेट यंत्राला डोळा लावायला सांगितला तर निकाल वाईट येतो. दोष डोळ्याचा नसतो, घाईचा असतो. यंत्रात एक तुटकी रिंग दिसते. तक्त्याच्या हिशेबात तिचा आकार ६/६० एवढा, म्हणजे चांगला मोठा. फट कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं. रिंग लहान होत नाही, फिकी होत जाते. रिंग आणि मागचा उजेड यांचं प्रमाण १:२३, मग १:५, १:२.७, १:२ असं उतरतं. प्रत्येक पायरीवर पाच वेळा दाखवतात, त्यांतली तीन उत्तरं बरोबर हवीत. आधी दिव्याशिवाय, पार्श्वभूमी ०.०३२ कँडेला प्रति चौरस मीटर. मग बाजूला दिवा लावून, पार्श्वभूमी ०.१. दिव्याशिवाय सगळ्या पायऱ्या पार आणि दिवा लागताच दोन पायऱ्या खाली, असा निकाल आला तर दोष दिपण्याचा. दोन्हीकडे सारखंच खाली असेल तर आधी नंबर तपासा. अंधारात उरलेला उणे अर्ध्याचा नंबरही पुरेसा छळतो, आणि तो चष्म्याने जातो. म्हणून ही चाचणी नेहमी पूर्ण दुरुस्त नंबरावर घ्यायची.

तिसरी, डोळ्यात विखुरणारा प्रकाश. सी-क्वांट नावाचं यंत्र तो मोजतं. एका डोळ्याने नळीत पाहायचं. मधली चकती दोन अर्ध्यांत विभागलेली, भोवतीचं कडं लुकलुकतं. कडं लुकलुकलं की विखुरलेल्या प्रकाशामुळे मधला भागही लुकलुकल्यासारखा भासतो. कुठला अर्धा जास्त लुकलुकतो, तिकडचं बटण दाबायचं. एका डोळ्याला दोनेक मिनिटं लागतात. उत्तर लॉगमध्ये येतं: तरुण निरोगी डोळ्याला ०.९ च्या आसपास, आणि ०.३ वाढलं म्हणजे विखुरणं दुप्पट. प्रिंटवर ‘इएसडी’ नावाचा आकडा असतो. तो ०.०८ पेक्षा जास्त असेल तर बटणं अंदाजपंचे दाबली गेली आहेत. चाचणी पुन्हा घ्या. हे यंत्र सगळीकडे नाही, मोठ्या शहरांतल्या मोजक्या संस्थांत मिळेल. तरी एक लक्षात ठेवा. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, कॉर्निया काचेसारखा स्वच्छ दिसला, एवढ्यावरून विखुरणं नाही असं ठरत नाही. तपासणारा डोळ्याबाहेर परतणारा प्रकाश पाहतो, त्रास देतो तो आत, डोळ्याच्या मागच्या पडद्याकडे (रेटिनाकडे) जाणारा.

प्रत्येक डोळा वेगळा, मग दोन्ही मिळून. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची बाजू सांभाळून घेतो आणि दोष लपतो.

राहून राहून एक खंत वाटते: हे सगळे आकडे शस्त्रक्रियेच्या आधी घेतले तर तुलना करता येते. आधीचा १.९५ असेल तर आजचा १.६५ ही घसरण, आधीपासूनच १.६५ असेल तर लेसरचा काही संबंध नाही. यासाठी जेमतेम अर्धा तास लागतो. तरी आधीचे आकडे क्वचितच कुणाकडे असतात.

मी मुंबईहून उडणारी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक). दोन वर्षांपूर्वी पीआरके (लेसरचाच दुसरा प्रकार) झालं आहे. रात्री काही त्रास नाही, पण संध्याकाळी सूर्य समोर असला की समोरची सगळी धावपट्टीच फिकी पडते. सहकाऱ्यांनाही दिपतं, पण मला जास्त, असं वाटतं.

मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला मावळतो आणि मुंबईची २७ नंबरची धावपट्टी तोंडाने पश्चिमेकडेच आहे. घाटकोपरच्या अंगाने खाली येताना मावळतीच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं सूर्य क्षितिजाच्या तीनेक अंश वर, आणि तुमची नजर उतरण्याच्या जागेवर, क्षितिजाच्या तीन अंश खाली. अंतर जेमतेम सहा अंश. डोळ्यात पसरणाऱ्या प्रकाशाचा पडदा दिव्याच्या कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात दाटतो. झगझगीत दिवा नजरेच्या रेषेपासून १० अंशांवरून ५ अंशांवर आला की पडदा चौपट. हे निरोगी डोळ्यालाही चुकत नाही.

तुम्हाला इतरांहून जास्त होतं का, हे मोजूनच कळेल. पीआरकेमध्ये लॅसिकसारखा फ्लॅप (कॉर्नियाचा उचलायचा पातळ पापुद्रा) नसतो, वरचा थर काढून थेट लेसर मारतात. भरून येताना कधी कधी पातळ धुरकट डाग राहतो. मोठ्या नंबराला तो टाळायला शस्त्रक्रियेतच ०.०२ टक्के मायटोमायसिन हे औषध लावतात. डाग असेल तर तुमचं चित्र जुळतं: रात्री बाहुली मोठी असूनही खळं नाही, म्हणजे आकार ठीक, उन्हात मात्र पडदा. सी-क्वांट किंवा निदान दिव्यासह कॉन्ट्रास्टची चाचणी करून घ्या आणि स्लिट लॅम्पखाली डागाची प्रत लिहून मागा. कॉकपिटची हवाही बघा. आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते, आणि लेसरमध्ये कापल्या गेलेल्या मज्जातंतूंमुळे अश्रू कमी असतील तर चार तासांच्या उड्डाणाअखेरीस पृष्ठभाग खडबडीत होतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब खाली उतरायला लागण्याआधी घाला, उतरताना नव्हे. विंडशील्ड आतून पुसलेली आहे ना, तेही पाहा. बोटांचे ठसे आणि धूळ कॉर्नियावरच्या डागासारखंच काम करतात, आणि तो दोष फडक्याने जातो.

मुलगा अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतो, वायुसेनेत पायलट व्हायचं आहे. नंबर उणे १.५. आत्ताच लेसर करून घ्यावं का? (सातारा)

नको. वायुसेनेच्या प्रवेश निकषांत लेसर मान्य आहे, पण वयाच्या २० वर्षांआधी केलेलं नाही. एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे एनडीएसाठी आत्ता लेसर केलं तर दार उघडण्याऐवजी बंद होईल. पुढे पदवीनंतर सीडीएस किंवा अफकॅट या प्रवेश परीक्षांनी जाता येतं. त्या वेळचे निकष असे आहेत: शस्त्रक्रियेनंतर किमान १२ महिने, गुंतागुंत नाही, नंबर स्थिर, कॉर्नियाची जाडी शस्त्रक्रियेनंतरही ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नाही, डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, मूळ नंबर सहाच्या आत. निकष बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना वाचा. सतराव्या वर्षी नंबर अजून वाढत असतो, हे वेगळंच.

नागरी पायलट व्हायचं असेल तर लेसरची गरजच नाही. आंतरराष्ट्रीय निकष चष्म्यासह प्रत्येक डोळ्याला ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ एवढाच आहे. जास्तीचा चष्मा जवळ ठेवायचा. गोंदिया, बारामतीच्या शाळांत आणि पुढे विमान कंपन्यांत चष्मेवाले वैमानिक भरपूर आहेत. हे माहीत नसल्यामुळे किती मुलांचे चांगले डोळे विनाकारण टेबलावर जातात.

लेसरनंतर मेडिकलला कधी आणि कोणते कागद घेऊन जायचं? माझा परवाना भारतीय आहे, पुढे युरोपात बदलून घ्यायचा विचार आहे.

शस्त्रक्रियेच्या आधीच मेडिकल एक्झामिनरला लेखी विचारा की किती महिने थांबायचं आणि कोणत्या चाचण्या हव्यात. हा अर्धा कागद पुढचे सहा महिने वाचवतो. शस्त्रक्रिया झाल्यावर ती लपवून उड्डाण करू नका. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, लेसरचा ठसा आयुष्यभर दिसतो.

युरोपचा नियम सुटसुटीत आहे: दिवसभरात नंबर ०.७५ डायॉप्टरपेक्षा कमी हलावा, गुंतागुंत नसावी, दिपण्याची संवेदनशीलता नॉर्मल असावी, मंद उजेडातला कॉन्ट्रास्ट कमी झालेला नसावा, आणि हे नेत्रतज्ज्ञाने तपासलेलं असावं. म्हणून नंबर एकाच दिवशी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला मोजून घ्या. अमेरिकेचं एफएए (तिथलं विमान वाहतूक नियामक खातं) खळी, कडी, धुरकटपणा, रात्रीची कमी दृष्टी आणि ग्लेअर हे सगळं नाव घेऊन विचारतं. तिथे नेत्रतज्ज्ञ ८५००-७ हा फॉर्म भरतो.

फाइलमध्ये हवं: शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि कॉर्नियाची जाडी, शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक आणि लेसरच्या गोलाचा व्यास, आधीची व नंतरची टोपोग्राफी, नंबराची किमान दोन वेगवेगळ्या महिन्यांतली मोजणी, अंधारातला बाहुलीचा व्यास, आणि वर सांगितलेल्या दिपण्याच्या चाचण्यांचे मूळ प्रिंट. ‘ग्लेअर: नील’ एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं, कोणत्या यंत्रावर, कोणत्या उजेडात, कोणता आकडा, हे लिहून घ्या.

छोटे प्रश्न

‘नाइट ड्रायव्हिंग’चे पिवळे चष्मे चालतील? रात्री कोणतीही रंगीत काच नको. ती प्रकाश कमी करते आणि खळं तसंच राहतं. दिवसासाठी साधी राखाडी काच, साधारण १५ टक्के प्रकाश आत सोडणारी. पोलराइज्ड नको, कॉकपिटचे स्क्रीन काळे दिसतात. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा विंडशील्डच्या मागे नीट काळवंडत नाही.

वय ४६, कॅप्टन. एक डोळा लांबचा, एक जवळचा असं लेसर सुचवलं आहे. टाळा. जवळच्या डोळ्यात उणे सव्वा-दीड मुद्दाम ठेवतात, रात्री त्या डोळ्याला प्रत्येक दिवा बशीएवढा दिसतो. अमेरिकेत सहा महिने जुळवून घेण्याचा काळ पाळावा लागतो. वाचायला अर्ध्या काचांचा चष्मा स्वस्त आणि परतीचा मार्ग ठेवणारा आहे.

ब्रिमोनिडीनचे थेंब घातले की रात्रीची खळी कमी होतात. तपासणीआधी घालू का? नाही. तो थेंब बाहुलीला अंधारात पूर्ण उघडू देत नाही, म्हणून खळं कमी होतं. तपासणीत मात्र नेमकं पाहायचं तेच झाकलं जातं. शिवाय त्याने गुंगी येऊ शकते. काही घालत असाल तर किती वाजता घातलं, ते तपासणाऱ्याला आधी सांगा.

वडिलांनी १९९२ मध्ये ब्लेडने चिरा देऊन नंबर काढला होता. त्यांना आता खासगी परवाना घ्यायचा आहे. ती रेडियल केराटॉटॉमी, लेसर नव्हे. चिरांमुळे पिसारा तर असतोच, शिवाय उंचीवर कमी ऑक्सिजनमध्ये बराच काळ राहिलं तर नंबर अधिककडे सरकतो. १९९६ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बेक वेदर्स या गिर्यारोहकाची दृष्टी याच कारणाने गेली होती. सकाळ-संध्याकाळचा नंबर आधी मोजून घ्या. फरक पाऊण डायॉप्टरच्या वर निघाला तर पुढच्या तपासण्यांवर पैसे घालू नका.